पंगतीतून घडलेली संस्था

ऊसतोडीला निघालेले आपल्या जिल्ह्यातील आईवडील लेकरांना आमच्या स्वाधीन करून जातात, तेव्हा संस्था म्हणजे काय, हा प्रश्न आमच्यापुढे दरवर्षी नव्याने उभा राहतो. इमारत वा निकाल पाहून ते लेकरू सोपवीत नाहीत. माणूस पाहून सोपवितात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार लवकर ओळखले होते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरताना त्यांना कारखानदारीही कळली आणि रयतही. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. आम्हांस मात्र त्याहून मोलाची वाटते ती लक्ष्मीबाईंची गोष्ट. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने अस्पृश्य मुलांनाही पोटच्या लेकरांप्रमाणे वाढले आणि धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रसुद्धा काढून दिले. सारे श्रेय एकट्या भाऊरावांना देणाऱ्यांनी (आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक त्यांत पुढे असतो) हे विसरू नये.

आमच्या वसतिगृहात आज शिक्षकांची पंगत वेगळी नाही. पूर्वी होती. आत बसून आम्ही नव्या खोल्यांच्या खर्चाची चर्चा करीत असू आणि बाहेर मुलांच्या ताटातील वरण पातळ झाल्याचे आम्हांस कळतही नसे. आता पहिल्या घासालाच कळते.