पाण्यावर धांवणारा सरडा

पाण्यावर चालण्याची शुभवर्तमानांतील गोष्ट आमच्या वाचकांस परिचित आहे. मध्य अमेरिकेंतील लोकांनीं त्याच गोष्टीवरून आपल्या रानांतील एका सरड्यास 'येशू ख्रिस्ताचा सरडा' असें नांव दिलें आहे. कोणी उपदेशक ह्याचा दाखला देऊं लागला, तर त्यानें हा प्राणी धांवतो कसा हें आधीं नीट समजून घ्यावें. दाखला चुकला म्हणजे ऐकणारा चतुर मनुष्य मूळ गोष्टीविषयींहि हंसूं लागतो.

शास्त्रज्ञ ह्या सरड्यास बॅसिलिस्क म्हणतात. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'लहान राजा' असा आहे. युरोपांतील जुन्या दंतकथांत नुसत्या दृष्टीनें मारणाऱ्या एका सर्पाचें तें नांव होतें. ह्या सरड्याच्या नराच्या डोक्यावर मुकुटासारखा तुरा असतो, म्हणून तें ह्यास मिळालें. बिचाऱ्याच्या दृष्टींत विष मुळींच नाहीं. किडे, फुलें व फळें खाऊन तो राहतो. त्याच्या चार जाति असून त्या मेक्सिकोपासून एक्वादोरपर्यंत ओढ्यांच्या व नद्यांच्या कांठीं आढळतात. साप किंवा पक्षी अंगावर आला म्हणजे तो कांठावरून पाण्यावर झेपावतो आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून पळत सुटतो.

आपल्या विहिरींत लांब पायांचा बारीक किडा पाण्यावर निवांत उभा असतो, हें सर्वांनीं पाहिलेंच आहे. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्यास तोलून धरतो, कारण त्याचें वजन नसल्यासारखेंच असतें. सरड्याची गोष्ट अगदीं निराळी. त्यास तो ताण पुरत नाहीं, आणि बदकाप्रमाणें त्याच्या बोटांमध्यें पडदाहि नसतो. मागच्या पायांच्या लांब बोटांच्या कडेला खवल्यांची झालर मात्र असते. ती पाण्यावर पसरते व तळवा रुंद होतो.

१९९६ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील ग्लाशीन व मॅकमाहन ह्यांनीं ह्या धांवण्याचा हिशेब प्रसिद्ध केला. सरडा प्रथम तळव्यानें पाण्यावर सरळ खालीं चापट मारतो. त्या तडाख्यानें त्यास वर थोडा आधार मिळतो आणि पाणी बाजूस सरून तेथें हवेचा खळगा पडतो. मग त्या खळग्यांतच तो पाय खालीं व मागें जोरानें रेटतो. ह्या रेट्यानें शरीर उचललें जातें व पुढेंहि जातें. आतां घाई ती पुढें. पाणी भोंवतालून परत येऊन खळगा भरण्यापूर्वीं पाय बाहेर निघालाच पाहिजे. तो पाण्यांत सांपडला तर पाणी त्यास मागें ओढील. म्हणून सरडा बोटें मिटून पाय त्या हवेंतूनच वर ओढून घेतो, आणि तोंपर्यंत दुसऱ्या पायाची चापट पडलेली असते. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्याइतक्या वेळांत होतें.

वजनाचा प्रश्न येथें फार महत्त्वाचा आहे. २ ग्रॅम वजनाचें पिलूं आपणांस तोलण्यास लागणाऱ्या आधाराच्या सव्वादोन पटीपर्यंत आधार उत्पन्न करूं शकतें. २०० ग्रॅमच्या सरड्यास तो जेमतेम पुरतो. ८० किलो वजनाच्या मनुष्यानें हें करावयाचें म्हटलें, तर त्यास सेकंदास ३० मीटर, म्हणजे तासास १०८ किलोमीटर वेगानें धांवावें लागेल, आणि त्याच्या स्नायूंत आहे त्याच्या सुमारें पंधरा पट शक्ति लागेल. तेव्हां धीट मुलांनीं तळ्यावर प्रयोग करूं नये!

पुढें २००४ सालीं शे व लॉडर ह्यांनीं पाण्यांत बारीक कण मिसळून त्यांच्या हालचालीवरून पायाचा जोर मोजला. सरडा पाण्यास नुसतें खालीं व मागें रेटीत नाहीं, तर दोन्ही बाजूंसहि बराच जोर लावतो, असें त्यांस दिसलें. पायाखालचें पाणी सरकत असल्यामुळें तोल संभाळण्यास त्यास तो लागतो.

ह्यावरून नांवाविषयींचा प्रश्न सुटतो. हा सरडा पाण्यावर उभा राहत नाहीं व चालतहि नाहीं. वेगामुळेंच तो वर राहतो, आणि वेग मंदावला कीं बुडतो. बुडाला तरी त्यास भय नाहीं, कारण तो उत्तम पोहणारा आहे. पुष्कळ वेळ पाण्याखालीं दडूनहि राहतो, आणि शत्रु निघून गेला म्हणजे वर येऊन कांठ गांठतो.