मुलांचा गोल्फ : आधी अंतर, मग नेम

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. सुटीत सुरतेला मामाकडे गेला होता, तिथून प्लास्टिकचा गोल्फचा संच घेऊन आला. आता रोज संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गल्लीतली पोरं जमतात आणि सगळ्यांनाच ती काठी हवी असते. धाकटी तीन वर्षांची, तीही मागे लागते. या वयात हा खेळ चालेल का? घरचे म्हणतात, श्रीमंतांचे खेळ आपल्याला काय करायचे?
– एक वाचक भगिनी, कळसाडी, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, खुशाल खेळू द्या. फक्त काठी कोणाच्या हातात, कधी आणि किती अंतरावर, हे मोठ्यांनी ठरवायचं.

घरच्यांच्या शंकेचं आधी बघू. गोल्फचं मोठं मैदान महाग असतं, हे खरं. पण दिल्लीत लाडो सराईला विकास प्राधिकरणाने २००० साली सर्वांसाठी खुलं मैदान केलं, आपल्याकडे सिडकोने खारघरला केलं. अमेरिकेत १९९७ पासून ‘फर्स्ट टी’ नावाचा उपक्रम लहान मुलांना सार्वजनिक मैदानांवर आणि शाळांमध्ये हा खेळ शिकवतो. हरियाणातल्या इसराना गावचा शुभम जागलान हा दूधवाल्याचा मुलगा. गावात सुरू झालेलं गोल्फचं केंद्र थोड्याच दिवसांत बंद पडलं, तरी तो शेतात सराव करत राहिला आणि २०१५ साली अमेरिकेत आपल्या वयोगटाची जागतिक स्पर्धा जिंकला. प्रत्येक मूल शुभम होणार नाही, व्हायची गरजही नाही. लहान मुलाच्या गोल्फला हिरवळ लागत नाही, मोकळी जागा लागते. ती गावात आहे.

फायदा काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान ३ तास हालचाल व्हावी आणि त्यातला १ तास तरी धावपळीचा असावा. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असा व्यायाम हवा. गोल्फ यातला काही भाग भरून काढतो. तोल सांभाळणं, नजर आणि हात यांचा मेळ, जोर कमी-जास्त करणं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात आपोआप शिकलं जातं. दुसरा फायदा डोळ्यांचा. जी मुलं दिवसाच्या उजेडात घराबाहेर जास्त वेळ असतात, त्यांना लांबच्या नंबरचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं. मोबाईल हातात घेऊन घरात बसलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही.

एक उणीव मात्र आहे. पूर्ण मैदानावर खेळणारा माणूस सहा-आठ किलोमीटर सहज चालतो. पटांगणात आठ-दहा पोरं आणि एक काठी असली, की बहुतेक वेळ नुसतं उभं राहण्यात जातो. म्हणून लक्ष्यं तीस-चाळीस पावलांवर ठेवा आणि ज्याचा चेंडू त्यानेच चालत जाऊन आणायचा, असा नियम करा. बाकीच्यांची लंगडी किंवा खो-खो शेजारीच, पण काठीपासून लांब, चालू राहू द्या. दहा-बारा वर्षांपर्यंत एकच खेळ धरून बसू नये. मुलाचं वय जितक्या वर्षांचं, आठवड्याला त्याहून जास्त तास शिस्तीचा सराव नको, हा साधा हिशेब लक्षात ठेवा. मनगट, कोपर किंवा कंबर दुखते असं मूल म्हणालं, तर काठी आठवडाभर बाजूला ठेवा. तरीही दुखलं तर दाखवा.

कोणत्या वयात काय?

तीन ते पाच वर्षं : हातात काठी नको. चेंडू घरंगळत सोडणं, घमेल्यात टाकणं, रेघेवरून चालणं एवढंच. तुमच्या धाकटीचा गोल्फ हाच. अंगणवाडीच्या अंगणातही तो होतो.

सहा ते आठ वर्षं : हलकी प्लास्टिकची काठी, मुलाच्या कमरेएवढीच. चेंडू चिंध्यांचा किंवा पोकळ प्लास्टिकचा. फक्त जमिनीलगत ढकलायचा. काठी गुडघ्याच्या वर उचलायची नाही.

नऊ वर्षांपुढे : काठी कमरेपर्यंत मागे नेऊन मारायला हरकत नाही, चेंडू मात्र मऊच. लोखंडी काठी आणि खरा कडक चेंडू फक्त प्रशिक्षकासमोर, राखीव मैदानावरच.

खरा धोका

या खेळात मुलांना होणारी गंभीर इजा बहुतेकदा काठीने होते. आणि ती मारणाऱ्याला होत नाही, मागे उभ्या असलेल्या भावंडाला होते. विटीदांडूने फुटलेले डोळे आपल्या भागातल्या डॉक्टरांना नवे नाहीत. काठी तीच, हातही तेच. म्हणून हे नियम:

१. मारणाऱ्याभोवती मोठ्या माणसाच्या पाच पावलांचं रिंगण. आत दुसरं कोणी नाही.
२. काठ्या असतील तितकीच मुलं मारणार. सगळी एका ओळीत, तोंड एकाच दिशेला. बाकीची मागे, रेघेपलीकडे.
३. सगळ्या काठ्या जमिनीवर ठेवल्याशिवाय चेंडू आणायला कोणी जाणार नाही.
४. एक मोठं माणूस पूर्ण वेळ हजर. ते नसेल त्या दिवशी काठ्या कुलपात.

रेघ आखायला चुना वापरू नका. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं आणि नजर कायमची जाऊ शकते. राख किंवा पांढरी माती पुरते. तरीही कधी चुना गेलाच, तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा किमान वीस मिनिटं धुवा आणि मग दवाखाना गाठा.

चेंडू कापसाच्या किंवा पपईच्या शेतात गेला, तर मोठ्यांनीच आणावा. फवारणी झालेल्या पिकात मुलांनी शिरू नये. गवतात आणि बांधावर साप-विंचूही असतात. गेलेला चेंडू गेला, असं मुलांना सांगून ठेवा. खेळताना पायात बूट किंवा पट्ट्याची चप्पल हवी. धनुर्वाताची लसही तपासा: पाच-सहा वर्षांचा त्रिगुणीचा डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची ‘टीडी’ सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

ऊन आणि सिकलसेल

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी साडेआठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच खेळ. डोक्याला टोपी किंवा रुमाल. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं दिसली, की सावलीत आडवं करा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि मूल शुद्धीत असेल तर जलसंजीवनी घोट-घोट द्या. मूल असंबद्ध बोलत असेल किंवा झोपाळलं असेल, तर तोंडाने काही देऊ नका. अंग गार करत करत दवाखान्यात न्या.

नंदुरबार जिल्ह्यात बऱ्याच मुलांना सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो. त्यांना खेळापासून तोडू नका. त्यांना पाणी जास्त द्या, दर दहा मिनिटांनी बसवा, कडक उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत मात्र खेळवू नका. ताप असेल किंवा हातपाय दुखत असतील त्या दिवशी सुटी. ताप, छातीत दुखणं किंवा अचानक पांढरं पडणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय. तपासणी अजून झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. वजन कमी असलेल्या मुलाला उपाशीपोटी मैदानावर पाठवू नका, आधी पोटभर खाऊ घाला.

लागलं तर?

डोक्याला काठी लागली आणि नुसतं टेंगूळ दिसलं, तरी जोराचा फटका असेल तर तपासून घ्या. लहान मुलात कवटीचं हाड आत दबलेलं असू शकतं आणि वरून ते कळत नाही. बेशुद्धी, एकापेक्षा जास्त उलट्या, न थांबणारी झोप, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांतलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन. हळद भरून सकाळची वाट बघू नका.

डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका. तूप, दूध, घरातले जुने थेंब काही घालू नका. कागदी कपाने डोळा सैल झाका आणि त्याच दिवशी शहाद्याला किंवा नंदुरबारला नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

आणि शेवटी ताई, हे एकट्या तुमच्यावर सोडू नका. पुढच्या ग्रामसभेत विषय काढा. शाळेच्या पटांगणाचा एक कोपरा, आठवड्यातले दोन दिवस, लक्ष द्यायला आळीपाळीने दोन पालक आणि मऊ चेंडू, एवढ्यावर गावाचा उपक्रम उभा राहतो. त्यात मुलींनाही बरोबरीने काठी मिळेल, हेही त्याच सभेत ठरवून घ्या.