क्लिपबोर्डांतील मजकूर कसा वाचावा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून एक चूक घडली. तिची हकीकत प्रथम सांगितल्यावांचून ह्या पाठास हात घालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. चित्रकलेच्या परीक्षेस बसावयाच्या १२ मुलांची यादी संगणकावर होती. ती उचलावी, क्रम नीट लावावा व पुनः कागदाच्या नमुन्यांत ठेवावी, एवढ्यासाठीं आम्हीं पायथन भाषेंत एक लहानशी आज्ञावली लिहिली. यादी छापून फलकावर लागली. दुसरे दिवशीं एका मुलीचे वडील शाळेंत आले व मोठ्या संकोचानें विचारूं लागले कीं, "गुरुजी, मुलीचें काय चुकलें म्हणून तिचें नांव गाळलें?" फलकाशीं जाऊन पाहतों तों शेवटचीं तीन नांवें नाहींशीं झालेलीं, आणि नवव्या मुलाच्या नांवाचें पहिलें टोक तेवढें शिल्लक! मोजणींत चूक आमची होती. ती कशी झाली हें समजण्यास क्लिपबोर्ड म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

मजकूर निवडून 'कॉपी' केला म्हणजे तो संगणकाच्या ज्या तात्पुरत्या जागेंत जातो तिला क्लिपबोर्ड म्हणतात. उचलून दुसरीकडे डकविण्याची ही युक्ति लॅरी टेस्लर व टिम मॉट ह्यांनीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत बसविली. आपण एकदांच कॉपी करितों, म्हणून तेथें एकच प्रत असते असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. विंडोज प्रणालींत कॉपी करविणारा कार्यक्रम तोच मजकूर अनेक रूपांनीं मांडून ठेवूं शकतो : एक साधें रूप, ज्यांत केवळ अक्षरें, दुसरें सजविलेलें रूप, ज्यांत ठळक अक्षर, रंग व कोष्टकाच्या ओळी यांच्या खुणा. आम्हीं गैरहजर मुलांचीं नांवें तांबड्या रंगांत लिहिलीं असतील, तर साध्या रूपांत तो तांबडा रंग राहात नाहीं. तो हवा असेल तर सजविलेलेंच रूप मागितलें पाहिजे.

साध्या रूपांस ठराविक क्रमांक आहेत. युनिकोड मजकुराचा क्रमांक १३. सजविलेल्या रूपाचें नांव 'एचटीएमएल फॉरमॅट'. त्यास कायमचा क्रमांक नाहीं. नांव सांगून तो प्रणालीकडून विचारून घ्यावा लागतो. पायथनमध्यें 'पायविन३२' ह्या संचांतील 'विन३२क्लिपबोर्ड' हा भाग घ्यावा. प्रथम क्लिपबोर्ड उघडावा, क्रमांक विचारावा, तें रूप हजर आहे कीं नाहीं हें पाहावें, मग मजकूर घ्यावा, व क्लिपबोर्ड बंद करावा. बंद करण्यास मुलें हटकून विसरतात. एकानें उघडा ठेवला तर इतर कार्यक्रमांस तो उघडतां येत नाहीं. विहिरीवरचा एकच दोर एकानें हातांत धरून बसावें तसें होतें. म्हणून ती आज्ञा 'फायनली' ह्या शब्दाखालीं लिहावी. मध्यें कांहींही बिघडलें तरी ती पाळली जाते.

हातीं येणाऱ्या मजकुराच्या आरंभीं एक मथळा असतो. त्यांत सगळा मजकूर कोठें सुरू होतो व कोठें संपतो, आणि आपण निवडलेला तुकडा कोठून कोठवर आहे, हे चार आंकडे दिलेले असतात. (ह्या आंकड्यांपूर्वीं बहुधा शून्यें भरलेलीं असतात. आंकडा मथळ्यांतच लिहावयाचा. तो लांबला तर मथळा लांबेल आणि आंकडा खोटा ठरेल, म्हणून जागा आधींच राखून ठेवितात.)

आतां मुख्य गोष्ट. हे आंकडे अक्षरांचे नाहींत, बाइटांचे आहेत. मथळ्याची व मजकुराची लेखनपद्धति यूटीएफ-८ ही असते. ती १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं बांधिली. तींत इंग्रजीच्या प्रत्येक अक्षरास एक बाइट लागतो, परंतु देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. 'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांस अक्षरें तीन दिसतात. पायथन पांच मोजते, कारण काना व वेलांटी हीं तिच्या लेखीं निराळीं चिन्हें आहेत. आणि बाइट भरतात पंधरा. आपले देवनागरी आंकडेसुद्धां प्रत्येकीं तीन बाइट घेतात. ज्यानें केवळ इंग्रजी मजकुरावर आज्ञावली पारखली, त्यास हा भेद जन्मांत दिसावयाचा नाहीं, कारण तेथें दोन्ही मोजण्या सारख्याच येतात.

म्हणून नियम असा : आलेले बाइट आधीं आंकड्याप्रमाणें कापावे, आणि कापलेला तुकडा मग अक्षरांत उलगडावा. आम्हीं उलट केलें. आधीं उलगडलें व मग कापलें. वाचतांना त्याचा उपद्रव दिसला नाहीं. तुकड्याच्या पुढचा भाग सगळा इंग्रजी खुणांचा, म्हणून आरंभ बरोबर लागला. शेवटचा आंकडा मजकुराच्या पलीकडे गेला, आणि पायथन अशा वेळीं तक्रार न करितां असेल तेवढें देते. शेपटीस चार निरुपयोगी खुणा आल्या, त्या आम्हीं पुसून टाकिल्या व स्वतःस शहाणे समजलों.

परत ठेवितांना मात्र प्रसंग उलटला. नवा मथळा लिहितांना तुकड्याची लांबी आम्हीं अक्षरांनीं मोजली. नांवागणिक सुमारें अठरा चिन्हें. प्रत्येक नांवामागें ३६ बाइट कमी धरले गेले, १२ नांवांचे ४३२. खुणांसुद्धां एक ओळ शंभरावर थोड्या बाइटांची होती. घेणाऱ्या कार्यक्रमानें आमच्या आंकड्यावर भरंवसा ठेवून तेथेंच मजकूर तोडला.

त्या मुलीचा क्रमांक अकरावा होता. यादी त्याच दिवशीं पुनः छापली, व तिच्या वडिलांस आम्हीं ही सर्व हकीकत फलकाजवळच सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि जातांना एवढेंच विचारलें कीं, "उरलेल्या तिघांच्या घरीं कळविलें काय?" तें अजून राहिलेंच होतें.