आक्कांची वही

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. मधुमेह, रक्तदाब, कमजोर झालेलं हृदय, कुरकुरणारी किडनी आणि दोन्ही गुडघे, असं सगळं एकदमच मागे लागलेलं. आमचं घर सांगलीच्या गावभागात. मिरज हाकेच्या अंतरावर. तिथं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं आणि आज कर्नाटकातूनही माणसं मिरजेला इलाजासाठी येतात. त्यामुळे मोठं दुखणं आलं तर जायचं कुठं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. प्रश्न पडला तो घरी परतल्यावर. हृदयाचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे, शुगरचे वेगळे, हाडांचे वेगळे. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि आक्का मात्र एकच. अशा माणसाला घरी नीट सांभाळायचं तर काय लागतं, ते आम्ही सगळे मिळून शिकलो.

१. सगळ्या डॉक्टरांच्या वर एक डॉक्टर हवा.

तो बहुतेक वेळा मोठ्या पाटीचा नसतो. आमचे फॅमिली डॉक्टर महिन्यातून एकदा घरी येतात, खुर्ची ओढून आक्कांच्या पलंगाशेजारी बसतात आणि सगळ्या फायली एकत्र वाचतात. गुडघ्यासाठी लिहिलेली दुखण्याची गोळी किडनीला काय करते, हे हाडांच्या दवाखान्यातल्या पाच मिनिटांत कोण बघणार? रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी या तिन्ही एकत्र आल्या की म्हाताऱ्या किडनीवर एकदम ताण येतो. डॉक्टरांनी ती दुखण्याची गोळी थांबवली, हाडांच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि फिजिओथेरपिस्टना बोलावलं. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल यांवर आक्कांचे गुडघे चालतात. प्रत्येक भेटीत मी त्यांना एक प्रश्न विचारते, ‘डॉक्टर, यातली कुठली गोळी आता कमी करता येईल?’ हा प्रश्न तुम्हीही विचारा. आपल्या मनानं मात्र कुठलीही गोळी बंद करू नका.

२. वही एकच, आणि ती सगळ्यांनी लिहायची.

शंभर पानी साधी वही. ती आक्कांच्या उशाशी दोरीनं बांधलेली असते. डाव्या पानावर औषधं: गोळीचं मूळ नाव, किती, केव्हा, कशासाठी, कुणी दिली. मूळ नाव यासाठी, की कंपनीची नावं बदलत राहतात. एकदा दवाखान्यातून सुटी होऊन आलो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची नवी गोळी होती. ती घ्यायला गेले तर कोपऱ्यावरचे मेडिकलवाले वही चाळून म्हणाले, ‘वहिनी, ही आणि आक्कांची जुनी गोळी एकच आहे, दोन्हीत अॅम्लोडिपिनच आहे. आधी डॉक्टरांना विचारा.’ डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. त्या दिवसापासून मेडिकलवाल्यांना मी आमच्या माणसांतच धरते. दवाखान्यातून परतल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यांत जोखमीचे असतात. जुन्या गोळ्या डब्यात असतात, नव्या पिशवीत, आणि कुठल्या चालू नि कुठल्या बंद हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

उजव्या पानावर रोजची नोंद. शुगर, वजन, रक्तदाब. रक्तदाब एकदा आडवं असताना आणि एकदा उभं राहिल्यावर बघायचा, कारण उठल्यावर तो खाली येत असेल तर माणूस पडतं. झोप कशी झाली, पोट साफ झालं का, लघवीला जळजळ आहे का. घरी येणाऱ्या सिस्टर लिहितात, फिजिओ लिहितात, मी लिहिते. आक्कांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि नातू लिहून घेतो. मोबाइलवरचा ग्रुपही आहे, पण गुड मॉर्निंगच्या फुलांत शुगरचा आकडा हरवतो. वहीतला सापडतो.

३. सगळ्यांत जास्त ज्यांना दिसतं, त्यांना सगळ्यांत आधी विचारा.

मावशी दिवसभर आक्कांजवळ असतात. अंघोळ घालणं, वेणी घालणं, पायाला तेल लावणं त्यांच्याकडे. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, ‘ताई, आक्कांची जोडवी रुतायला लागल्यात बघा. परवा सैल हुती.’ आम्ही आक्कांना काट्यावर उभं केलं. थोड्याच दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं होतं. खाणं तेवढंच, म्हणजे हे अंगात साठलेलं पाणी. हृदय थकलं की असंच होतं, आधी पायावर सूज येते, मग धाप लागते, मग रात्री अॅम्ब्युलन्स. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लघवीच्या गोळीचा डोस थोडे दिवस वाढवला, मीठ आणि पाण्याचं माप ठरवून दिलं, चार दिवसांनी रक्त तपासायला लॅबच्या मुलाला घरी पाठवलं. आक्का घरीच सावरल्या. जोडवी काढून डबीत ठेवताना मात्र त्यांचा जीव खालीवर झाला. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी समजावलं, ‘अगं, मी हाय न्हवं इथं. सूज उतरली की घाल परत.’

माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या बाईला आपण ‘कामाला ठेवलेली’ समजतो. कोणत्या गोष्टीवर नजर ठेवायची, हे तिला कुणी सांगत नाही आणि तिनं सांगितलेलं कुणी ऐकत नाही. सूज, अचानक बरळणं, जेवण टाकणं, माकडहाडावरची लालसर जागा, या चार गोष्टी मावशींना सिस्टरांनी बसून शिकवल्या. म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं तर ते वयामुळेच असं धरू नये. कितीदा तरी मागे लघवीचं इन्फेक्शन निघतं. आणि मावशींना आठवड्याची सुटी, वेळेवर पगार आणि दुपारी घटकाभर पाठ टेकायला जागा मिळालीच पाहिजे. त्या दमल्या तर आमची सगळी व्यवस्था दमते.

४. या वयात शुगर थोडी जास्त चालते, कमी चालत नाही.

हे पटायला घरातल्यांना वेळ लागतो, कारण वर्षानुवर्षं उलटं ऐकलेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या माणसाला, त्यातून हृदय आणि किडनी नाजूक असताना, तरण्या माणसासारखी कडक शुगर ठेवायला डॉक्टरच नको म्हणतात. किडनी मंदावली की इन्शुलिन आणि गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळतात. शिवाय हृदयाच्या काही गोळ्यांमुळे शुगर उतरल्यावर होणारी थरथर नि धडधड जाणवतच नाही, फक्त घाम सुटतो. आमच्या फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, मग काहीतरी खाणं. गुंगीत असतील तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

आषाढीचा उपास सोडायला आक्का तयार नव्हत्या. ‘एवढी वर्षं विठ्ठलानं सांभाळलं, आता काय करतोय?’ यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी त्या दिवसाचा इन्शुलिनचा डोस बदलून वहीत लिहून दिला, साबुदाण्याऐवजी थोडी थोडी भगर आणि ताक वेळेवर द्यायचं ठरलं. उपासही झाला, शुगरही राहिली.

५. आजारी माणसाला काय हवंय, ते विचारा.

फिजिओंनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘आक्का, तुम्हाला कुठं जायचंय?’ आक्का म्हणाल्या, ‘संकष्टीला गणपतीला.’ मग व्यायाम त्याच बेतानं आखले. आधी पलंगावरून उठणं, मग उंबरा, मग दारातल्या पायऱ्या, मग रिक्षात चढणं. गुडघा किती अंशात वाकतो यात आक्कांना काही रस नव्हता, पायऱ्यांत होता. म्हणून त्या व्यायाम चुकवत नाहीत.

६. लांबच्या भावंडांना काम द्या.

पुण्याचे दीर आधी फोनवरून सल्ले द्यायचे. आता महिन्याची औषधं, तपासण्यांची बिलं आणि दवाखान्याच्या तारखा हे खातं त्यांचं. दिवाळीत आठवडाभर आक्का त्यांच्या ताब्यात आणि आम्ही मोकळे. सांभाळणाऱ्यालाही झोप हवी असते.

७. पावसाळ्याआधी पिशवी भरून ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत परत पूर आला. गावभागात राहणाऱ्याला हे विसरून चालत नाही. जूनमध्येच आमची पिशवी तयार होते: पंधरा दिवसांची औषधं, वहीच्या पानांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये, शुगरचं मशीन, डायपर, चालायची काठी, आणि मिरजेत कुणाकडे जायचं ते नाव. अंथरुणावरच्या माणसाला पाणी दारात येण्याआधीच हलवायचं असतं, छातीभर पाण्यातून नव्हे. वीज गेली तरी इन्शुलिनची चालू बाटली साधारण चार आठवडे टिकते, फक्त ती उन्हापासून दूर, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावी. बर्फाला मात्र लावू नये, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

८. हे सगळं पैशावर आणि नशिबावर राहू नये.

आम्हाला डॉक्टर, सिस्टर, मावशी परवडतात. माझं माहेर विट्याच्या बाजूला. खानापूर-आटपाडीकडची तरणी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गावात बंगले मोठे आणि आत दोन म्हातारी माणसं. पैसा येतो, पण रात्री पाण्याचा तांब्या द्यायला कुणी नसतं. ७० आणि त्यावरच्या वयाच्या माणसांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. भरती व्हायची वेळच येऊ नये म्हणून घरी जे करावं लागतं, त्याला कुणी पैसे देत नाही.

खरं तर वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी जावं, हे त्यात आहेच. गावात आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. केरळनं याच्या पुढचं पाऊल टाकलंय. मलप्पुरममध्ये शेजारपाजारची माणसं आठवड्याचे काही तास काढून अशा रुग्णांच्या घरी जायला लागली, २००८ मध्ये सरकारनं त्याचं धोरण केलं, आणि तिथं ग्रामपंचायती नर्सला घरोघर पाठवतात. आपल्या ग्रामपंचायती यात्रेला, कमानीला पैसे उभे करतात. एका सिस्टरची गाडी आणि पेट्रोल त्यांना जड नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या गावात घराबाहेर पडू न शकणारी किती माणसं आहेत याची यादी आशाताईंसोबत बसून करा, आणि त्यांच्याकडे जायचा आठवड्यातला एक वार उपकेंद्राकडून ठरवून घ्या.