कागद कोणाच्या हाती?

शास्त्रवाचन : यिर्मया 32:6-15



यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया कैदेत होता. अशा वेळी देवाच्या सांगण्यावरून त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत 17 शेकेल रुपे देऊन विकत घेतले. या विश्वासावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. आज त्याच्या कागदपत्रांकडे पाहू. त्याने खतावर स्वतः सही केली, साक्षीदार बोलावले, रुपे तराजूत तोलून दिले. एक प्रत मोहरबंद, एक उघडी ठेवली. आणि दोन्ही टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावल्या. देवाच्या अभिवचनावर भरवसा असणाऱ्या माणसाने कागदात हयगय केली नाही.

मी मात्र केली. धडगाव तालुक्यातील आमच्या एक भगिनी घरी आमचूर करतात. कर्जासाठी बँकेने उद्यम नोंदणी मागितली. मला वेळ नव्हता, म्हणून मी त्यांना बाजारातल्या एका ऑनलाइन कामाच्या दुकानात पाठवले. दुकानदाराने 1,500 रुपये घेतले आणि अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. पुढे बँकेने एक दुरुस्ती सांगितली, तेव्हा ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ लागला. तीन फेऱ्या झाल्या. कर्ज मिळाले तोवर कैऱ्यांचा हंगाम संपला होता. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण चूक माझी होती.

ही नोंदणी मुळात मोफत आहे. 1 जुलै 2020 पासून ती सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते. कागद अपलोड करावे लागत नाहीत, माहिती आपणच घोषित करायची असते आणि नूतनीकरणही नाही. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावी दिले गेले. त्याच आधारावर मिळणाऱ्या मोफत सेवेसाठी आपल्याच लोकांनी पैसे मोजावेत, याचे दुःख वाटते.

तेव्हापासून मी यिर्मयाकडून शिकलेल्या चार गोष्टी पाळते.

1. सही त्याची, ज्याचा धंदा. आधार, मोबाइल नंबर आणि बँक खाते त्या व्यक्तीचेच हवे. ओटीपी तिच्याच फोनवर यावा. फोन नसेल तर आधी त्याची सोय करावी, मग अर्ज.

2. रुपे तोलून द्यावे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. तसेच दिसणाऱ्या खासगी साइट फी मागतात. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या लहान उद्योगाला अन्नसुरक्षा नोंदणीही लागते. तिची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. दुकानदाराने मेहनताना घ्यावा, पण पावती द्यावी.

3. झेपेल तेवढेच बांधावे. दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी काढता येते. तिचीही नोंदणी ऑनलाइन होते. पण धंदा झाला नाही तरी दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये जास्तीची फी. एकट्या भगिनीला उद्यम व अन्न नोंदणी पुरे.

4. दोन प्रती. एक फोनमध्ये, एक छापून पत्र्याच्या पेटीत. मंडळीतील एखाद्या शिकलेल्या तरुणाने साक्षीदार म्हणून शेजारी बसावे व प्रत्येक ओळ त्यांच्या बोलीत वाचून दाखवावी. बटण मात्र त्यांनीच दाबावे.

यंदा त्या भगिनींची अन्न नोंदणी आम्ही मंडळीच्या खोलीत बसून केली. तासभर लागला. ओटीपी आला तेव्हा त्यांनी आकडे मोठ्याने वाचले आणि स्वतः टाकले.

घाईघाईने केलेली मदत कधी कधी गरिबाच्या हातातली किल्ली दुसऱ्याच्या खिशात टाकते. यिर्मयाच्या देवाने त्या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील असे सांगितले होते. सातपुड्यातल्या आपल्या बंधुभगिनींसाठीही आपण तीच आशा धरतो. मग त्यांचा कागद त्यांच्या हाती राहील, हे पाहणे आपली सेवाच आहे.

चर्चेसाठी : आपल्या मंडळीत कोणाकोणाचे कागद वा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती आहेत? महिन्यातून एक तास त्यांच्याशेजारी कोण बसेल?

प्रार्थना : आमचूर, मोहफुले व भाजीपाला विकून घर चालवणाऱ्या भगिनींसाठी, आणि त्यांना मदत करणाऱ्या तरुणांच्या सचोटीसाठी.