पाणी कुठं मुरतंय?

कूलंट हे पेट्रोलसारखं जळून संपणारं द्रव्य नाही. इंजिन, रेडिएटर, होज पाईप आणि बॉनेटखालची प्लॅस्टिकची बाटली यांचा मिळून तो एक बंद फेरा असतो. त्यात घातलेलं कूलंट एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत फारसं उतरता कामा नये. तरी जुन्या गाडीचे मालक बाटली उतरली की वरून पाणी ओततात आणि ‘गाडीचं वय झालं’ म्हणून विषय सोडून देतात. वयानं पाणी आटत नाही. ते कुठूनतरी जात असतं आणि ते कुठून जातं हे कळल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये, हे मी माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅककडून शिकलो.

कराड-चिपळूण हा माझा नेहमीचा रस्ता. ऐन पावसाळ्यात पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढत असताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि थोड्याच वेळात आपोआप खाली आला. शेजारी बसलेले मामा म्हणाले, “झाली बघ थंड, चल आता.” मी हीटर पूर्ण सोडून पाहिला. तापलेल्या इंजिनाच्या गाडीत झळ यायला हवी होती, आली थंडगार हवा. म्हणजे आत पाणी फिरतच नव्हतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्याखाली गेलं की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि खोटा दिलासा देतो. चढता काटा अचानक पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका. जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

पुढचं सगळं गॅरेजांमध्ये घडलं. पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, “थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे त्याची गरजच नाही.” दुसऱ्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, “साहेब, हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवून फेसिंग करावं लागेल.” दोघांनीही पाणी कुठून जातंय हे पाहिलं नव्हतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला तर इंजिन नीट तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. आणि गळती होती तशीच राहते.

तिसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंप बसवला आणि झाकणावर छापला होता तेवढा दाब भरला. गेजचा काटा हळूहळू उतरू लागला, पण खाली जमिनीवर थेंब नाही, पाईप कोरडे, वॉटर पंप कोरडा. मग त्यांनी शेजारच्या सीटपुढची चटई उचलली. ती ओली होती. पावसाळ्यात चटई ओली असणारच, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं. मिस्त्रींनी बोटं चोळून दाखवली: पावसाचं पाणी चिकटत नाही, हे चिकटत होतं आणि त्याला गोडसर वास होता. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, फुटला होता. काचेवर आतून बसणारा तेलकट थरही त्याचाच. आपल्याकडे हीटर लावतंय कोण, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. पण हीटर बंद असला तरी बऱ्याच गाड्यांत त्यातून गरम कूलंट फिरतच असतं. बंद होते ती फक्त हवेची झडप. मिस्त्रींनी तात्पुरते हीटरचे दोन पाईप एकमेकांना जोडून दिले. पुढे मी कोअर बदलून घेतला, कारण घाटातल्या धुक्यात काच साफ ठेवायला गरम हवा लागते. खर्च पार्टचा कमी, डॅशबोर्ड खोलण्याच्या मजुरीचा जास्त.

तुमच्या गाडीचं पाणी कमी होत असेल तर स्वस्तापासून महागाकडे जा. सुरुवात झाकणापासून. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही आणि कूलंट बाटलीतून उतू जातं. झाकणात दुसरी छोटी झडपही असते; इंजिन निवलं की ती बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. म्हणून पातळी बाटलीत पाहाच, पण इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमध्येही पाहा.

मग रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत आणि चिकट. गरम भागावर गळालेलं कूलंट जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, तिथल्या तिथे वाळून पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा धरतं. तो होज पाईपच्या क्लिपांशी, रेडिएटरच्या कडांशी आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी शोधा. पंपाचं सील गेलं की त्या भोकातून पाझर सुरू होतो. एवढं करून काही सापडलं नाही तर मिस्त्रींनी केली तशी प्रेशर टेस्ट आणि ओल्या चटईची तपासणी.

हेड गॅसकेटचा संशय शेवटी घ्या, पण पुरावा मागा. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज पाईप लगेच टणक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ चहासारखं झालेलं ऑइल, ही त्याची लक्षणं. पेट्रोल गाडीत एक रासायनिक चाचणीही होते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावातून ओढतात, जळलेला वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. हे काहीच नसेल तर हेड उतरवायला परवानगी देऊ नका.

पाणी कमी होत नाही, तरी गाडी गरम होते? मग ती केव्हा गरम होते ते टिपा. सिग्नलला तापते आणि हायवेला निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. चढावर किंवा वेगात तापते, तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा झिजलेला पंप.

वाटेत गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि मिळेल तिथे थांबा. काटा लाल असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका. दाबाखालचं पाणी उसळून चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं, आणि साध्या क्लिपेची गळती हेडच्या कामावर जाते.

भरताना बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार आत थर धरतात, उष्णता अडते, आणि नुसत्या पाण्यानं गंजही चढतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं घ्या, प्रकार गाडीच्या पुस्तकात पाहा. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असं नाही. भरल्यावर हीटर चालू ठेवून हवा काढा, नाहीतर आत अडकलेली हवाच गाडी तापवते. गळती बुजवणारी पावडर हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

आता दर महिन्याला थंड इंजिनावर मी बाटलीवर तारखेची रेघ मारतो. रेघ खाली सरकली की गॅरेजमध्ये एवढंच सांगायचं: “दादा, आधी प्रेशर लावून गळती दाखवा, मग पार्टचं बोलू.” जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.