पाहुणा कवी आणि चार प्रकारचे श्रोते

पुण्यातल्या एका पबमध्ये दर बुधवारी कवितावाचन असतं. आधी ओपन माइक, मग पाहुण्या कवीला वीस मिनिटं. ऑगस्टमध्ये मी तिथे माझी इंग्रजी कविता वाचली, टाळ्याही मिळाल्या. नंतर मराठवाड्यातून आलेले एक कवी उभे राहिले. मराठी सुरू झाली तशी अर्धी मंडळी फोनमध्ये शिरली. मीही. माझ्याच वाचनाचा व्हिडिओ स्टेटसला टाकत होते. शेवटी त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी विचारलं, "कुठली आवडली?" मी म्हटलं, "सगळ्याच, सर." ते नुसते हसले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांकडे उज्जैनला गेले. ते तिथे नोकरीला आहेत. उज्जैनमध्ये पब शोधण्यात अर्थ नाही, कारण १ एप्रिल २०२५ पासून शहराच्या हद्दीत दारूविक्रीच बंद आहे. कवितेची परंपरा मात्र जुनी आहे. १९५८ पासून इथे कार्तिकी एकादशीच्या सुमारास कालिदास समारोह भरतो. भारतीय काव्यशास्त्राच्या पेपरसाठी मी राजशेखराची 'काव्यमीमांसा' सोबत नेली होती, आणि ती वाचताना तो बुधवार सारखा आठवत राहिला.

राजशेखर इ. स. ९०० च्या आसपासचा. तो कनौजच्या दरबारात होता, पण त्याचं घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. त्याचा हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. तो सांगतो की उज्जैनीत कवींची परीक्षा होत असे, आणि कालिदास, मेण्ठ, भारवी अशी नावं देतो. हे कवी एका काळातले नव्हेत. राजशेखरही 'असं ऐकिवात आहे' एवढंच म्हणतो. पण कवीने या गावात यावं आणि ऐकणाऱ्यांपुढे उभं राहावं, ही कल्पना हजार वर्षांपूर्वीही जुनी होती, हे त्यातून कळतं.

त्याहून आधी वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त नागरकाचं आयुष्य सांगताना अशाच मेळाव्याची व्यवस्था दिली आहे. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात जमायचं. बाहेरगावचे कलावंत आले तर त्यांची कला पाहायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ठरलेला मान द्यायचा. एकत्र मद्यपानाच्या बैठकाही त्याच प्रकरणात आहेत, पण वेगळ्या. म्हणजे ठरलेला वार आणि बाहेरचा पाहुणा ही आपली नवी कल्पना नाही.

राजशेखराने राजाच्या काव्यसभेची आसनव्यवस्थाही दिली आहे. उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत, पश्चिमेला अपभ्रंश आणि दक्षिणेला पैशाची भाषेतले. अपभ्रंश कवींच्या मागे चित्रकार, सोनार, सुतार, लोहार. प्रत्येक भाषेची जागा आधीच ठरलेली. भाषा बदलली की अर्धी सभा मनाने उठून जाते, असा प्रकार निदान त्या आराखड्यात तरी नाही.

आता मुख्य मुद्दा. राजशेखर कवीइतकाच विचार कविता ऐकणाऱ्याचा करतो. त्याला तो 'भावक' म्हणतो आणि त्याचे चार प्रकार सांगतो.

१. अरोचकी: याला काहीच रुचत नाही. ही अरुची स्वभावातच असेल तर उपाय नाही. ती ज्ञानातून आली असेल, तर खरोखर असामान्य काही ऐकल्यावर असा माणूस प्रसन्न होतो.

२. सतृणाभ्यवहारी: गवतासकट सगळं खाणारा. याला सगळंच आवडतं. निवड करण्याची ताकद अजून आलेली नसते. हा प्रकार सर्वसाधारण आहे, असं राजशेखर म्हणतो.

३. मत्सरी: याला गुण दिसतात, तरी न दिसल्यासारखे असतात. दुसऱ्याच्या गुणांबद्दल बोलायची वेळ आली की हा गप्प.

४. तत्त्वाभिनिवेशी: शब्दांची रचना पारखणारा, रस चाखणारा, कवितेच्या तात्पर्यापर्यंत जाणारा. हा हजारांत एखादा. असा भावक भेटला नाही तर कवी आतल्या आत झुरतो.

हे वाचून मला पेरणाऱ्याचा दाखला आठवला. मत्तयच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन असे चार प्रकार येतात. तिथेही बी एकच, प्रश्न ते कुठे पडतं याचा. मात्र जमिनीला स्वतःला बदलता येत नाही, ऐकणाऱ्याला येतं. मला वाटतं, दाखला सांगितला जातो तो त्यासाठीच.

'सगळ्याच' हे माझं उत्तर दुसऱ्या प्रकारचं. आधी मी स्वतःला तिथेच बसवलं, कारण तो प्रकार निरुपद्रवी वाटतो. पण खरं सांगायचं तर त्या सरांच्या पहिल्या कवितेच्या सुरुवातीच्या चार ओळी मी नीट ऐकल्या होत्या. त्या माझ्या अख्ख्या कवितेपेक्षा चांगल्या होत्या, आणि म्हणूनच मी फोन काढला. माझा प्रकार तिसरा. मराठी वाङ्मय मंडळात असूनही मी एका मराठी कवीला असं वागवलं.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. पाहुणे कवी येतील तेव्हा ज्यांना स्वतःची कविता वाचायची आहे, त्यांनी ती पाहुण्यांच्या नंतर वाचावी. आणि वाचण्याआधी पाहुण्यांच्या एका कवितेबद्दल एकच वाक्य बोलावं: कुठली कविता, आणि तिच्यात काय ऐकू आलं. स्तुती नको, 'मस्त' तर नकोच. हजारांत एखादा होणं आपल्या हातात नसेल, पण एका कवितेला एक खरं वाक्य देणं नक्कीच आहे.

त्या सरांचा संग्रह मी मागवला आहे. दोनदा वाचून झाला. कुठली आवडली ते आता मला सांगता येईल. पत्र लिहायला घेतलंय.